गंगथडीच्या मातीवाटा: ग्रॅव्हल सायकल, पाटाचा रस्ता आणि सराटे

मुरूमकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, मागच्या दसऱ्याला ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवर चालणारी सायकल घेतली. खाली वळलेलं हँडल, ४० मिलिमीटरचे टायर, डिस्क ब्रेक. घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांत बरंच अंतर आहे, तो विषय इथे नको. वर्षभर त्र्यंबक रोड आणि महामार्गाची सर्व्हिस लेन एवढ्यातच फिरलो. म्हणजे बैल शर्यतीचा आणला आणि अंगणात बांधून ठेवला. शेवटी ठरवलं, डांबराला शक्यतो चाक लावायचं नाही, गंगेच्या काठाकाठाने खाली जायचं. (बाहेरगावच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.)

काल सकाळी पंचवटीतून निघालो. म्हसरूळकडून गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यावर चढलो आणि कालव्याच्या कडेकडेने आडगाव गाठलं. पाटाच्या रस्त्याला एक सुख आहे. पाणी स्वतःच्या वजनाने वाहावं म्हणून पाटाला अगदी सावकाश उतार दिलेला असतो, त्यामुळे चढ असा येतच नाही. मध्येच ओढा आडवा आला की पाट त्यावरून जातो किंवा खालून सायफनने जातो, आणि सायकलवाल्याला उतरून मोरी शोधावी लागते. तेवढाच व्यायाम. पुढे माडसांगवी, लाखलगाव करत चांदोरीच्या शिवारात पोचलो. मागे वळून बघितलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांच्याकडे बघूनच किती लांब आलो ते कळतं.

इथवर मजा. मग चूक केली. मोबाइलच्या नकाशात नदीकडे जाणारी बारीक रेघ दिसली, तिला लागलो. चार दिवसांपूर्वी अवकाळी पडला होता हे डोक्यातच नव्हतं. वरून माती सुकलेली, भेगासुद्धा पडलेल्या. पन्नास फूट गेलो आणि चाक जड झालं. वरच्या पापुद्र्याखाली काळी माती तशीच ओली होती. ती टायरला चिकटली, मग मातीला माती चिकटली, तिच्यात उसाचं पाचट गुंतलं, आणि फोर्क आणि टायर यांच्यातली बोटभर फट लिंपून बंद. चाक फिरेना. उतरून ढकलायला गेलो तर ढकलतासुद्धा येईना, मागचं चाक न फिरता फरफटत होतं. बुटाखाली दोन दोन किलोचे तळवे तयार झालेले. सायकल खांद्यावर घेतली तर दहा किलोची सायकल वीस किलोची लागत होती. बांधावर तुरीची वाळकी काडी सापडली, तिने पाऊण तास माती उकरत बसलो.

तिथून सुटलो तर सायखेड्याच्या पुलापुढे सराटे, म्हणजे गोखरूचे काटे. पुढच्या टायरला सात, मागच्याला चार. ट्यूबलेस आहे, आतलं सीलंट आपोआप भोक बुजवतं, असं दुकानात सांगितलं होतं. ते सीलंट सुकतं, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं, हे कोणी सांगितलं नाही. टायर काढून बघतो तर आत रबराची वाळलेली साय. ट्यूब एकच होती. एका चाकाचं भागलं, दुसऱ्याचं नाही. जायचं होतं ते नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य राहिलंच. खेरवाडीपर्यंत टेम्पोने आलो, कांद्याच्या रोपांच्या जुड्यांवर बसून.

तर प्रश्न असे: (१) या भागात चिखल नसलेल्या वाटा कशा ओळखायच्या? (२) पाटाच्या रस्त्यावरून सायकल नेलेली चालते का? (३) सराट्यांवर इलाज काय?

नुसताचवाचक | रविवार, रात्री १०.०५

सराट्यांवर इलाज: घरी बसणे.

खेरवाडी_लोकल | रविवार, रात्री १०.३०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशात नाही, मातीत आहे. नाशिकच्या पूर्वेला, निफाडकडे, नदीने आणलेली खोल काळी माती. ही ओली झाली की फुगते आणि चिकटते, सुकली की आकसते आणि भेगाळते. वरून सुकलेली दिसली म्हणजे आतून सुकली असं नाही, हे तुम्ही अनुभवलंच. पश्चिमेला गिरणारे, गंगापूरचं बॅकवॉटर, त्र्यंबकचा पट्टा या बाजूला माती उथळ आणि मुरमाड. पाऊस जास्त, पण पाणी थांबत नाही. त्यामुळे पाऊस पडून गेला असेल तर आठवडाभर पूर्वेकडच्या शिवरस्त्यांना हात जोडायचे आणि पश्चिमेला निघायचं. चढ आहेत, पण चाक तरी फिरतं.

पूर्वेकडेच जायचं असेल तर पाट किंवा मोठ्या चाऱ्या (पाटाचे फाटे) यांचा भराव धरायचा. त्यावर मुरूम असतो, शिवाय शिवारापेक्षा उंच असतो. तुमची ती बारीक रेघ बहुधा गाडीवाट होती. सरकारच्या महाभूनकाशा साइटवर गट नकाशे बघता येतात. जुन्या गावनकाशात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक म्हणजे पायवाट. ज्या वाटा गावनकाशात आहेत त्या सार्वजनिक. ज्या फक्त उपग्रहाच्या फोटोत दिसतात त्या कोणाच्या तरी मळ्यात जाऊन संपतात, आणि तिथे कुत्रं असतं.

बाकी खेरवाडी स्टेशन जवळ असताना टेम्पोत बसलात, याचं वाईट वाटलं.

मुरूमकर | रविवार, रात्री १०.४२

अहो टेम्पो स्टेशनापर्यंतच होता. पुढे पॅसेंजरच. पण दुहेरी रेघेचं माहीत नव्हतं. आत्ता बघितलं, माझी वाट एकेरीसुद्धा नाही. ती बांधाची सावली असावी.

जुनीघंटी | सोमवार, पहाटे ५.५०

धागा वाचला. थोडं हसू आलं, राग नसावा.

१९७८ ते ८४ मी नायगाव खोऱ्यातून नाशिकरोडला दूध घालत होतो. दोन बाजूंना दोन किटल्या, चाळीस लिटर. सायकल काळी, २८ इंची. आता तिच्या टायरवर काय छापलेलं असे ते ऐका: २८ × १½. दीड इंच म्हणजे किती मिलिमीटर होतात ते मोजा. अडतीस. आणि टायरवाल्यांच्या आजच्या मापात तोच टायर ४०-६३५ असा लिहितात. म्हणजे रुंदी तुमचीच, चाळीस. ६३५ हा रिमचा व्यास, तुमच्या ६२२ पेक्षा तेरा मिलिमीटर मोठा. तुम्ही लाखभर देऊन जे आणलं ते आमचे दूधवाले, पोस्टमन आणि गुरुजी पन्नास वर्षं चालवत होते. फक्त नाव नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिच्यात तुमच्यापेक्षा बरी होती. मडगार्ड आणि टायर यांच्यात तीन बोटं जागा असायची. चिखल अडकला तरी चाक फिरायचं. फारच झालं तर मडगार्ड काढून कॅरियरला बांधायचे.

सराट्यांचं म्हणाल तर जुन्या टायरच्या कडा कापून टाकून उरलेली पट्टी नव्या टायरच्या आत ट्यूबभोवती घालायचो. जड व्हायची, पण सराटाच काय, बाभळीचा काटासुद्धा आत पोचत नसे. शिंदे गावात एक पंक्चरवाला या पट्ट्या कापूनच ठेवायचा.

पुणेरी_पेडल | सोमवार, सकाळी ९.१५

काका, २८ × १½ हा मुद्दा जबरदस्त. हे कधी डोक्यातच आलं नाही.

थोडी भर. हा ग्रॅव्हलचा प्रकार अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये वाढला. तिथे एम्पोरिया नावाच्या छोट्या गावातून २००६ पासून दोनशे मैलांची, म्हणजे साधारण ३२० किलोमीटरची ग्रॅव्हल शर्यत होते. तिथले शेतरस्ते खडीचे, काउंटीने राखलेले, आणि त्या खडीत चकमकीचे कपचे असतात, ते टायरची बाजू कापतात. म्हणून तिकडची मंडळी जाड बाजूचा टायर घेतात. आपल्याकडे बाजू कापली जात नाही, काटा सरळ पोटात जातो. तेव्हा त्यांचे टायरचे सल्ले वाचून पैसे घालवू नका. आपल्याला मधली पट्टी जाड हवी आणि सीलंट ताजं हवं. ४० च्या टायरला ६० ते ९० मिली, आणि उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी वॉल्व्ह काढून काडी घालून बघायचं, ओलं आहे का. सराटा दिसला की लगेच उपटायचा नाही. आधी चाक फिरवून तो भाग खाली घ्यायचा, मग काढायचा, म्हणजे सीलंट तिथे जमतं.

हवा किती भरली होती?

मुरूमकर | सोमवार, सकाळी ९.३०

साठ पीएसआय. दुकानात भरून दिली होती.

पुणेरी_पेडल | सोमवार, सकाळी ९.३३

अहो! सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला पुढे ३५, मागे ३८ पुरे. साठला ती ग्रॅव्हल सायकल राहत नाही, लोखंडी चाकाची बैलगाडी होते. मनगटं दुखली नाहीत?

मुरूमकर | सोमवार, सकाळी ९.३६

मनगटांचं मला वाटलं वय झालं.

गोडीछाटणी | सोमवार, दुपारी १.२०

मी निफाड तालुक्यातला. द्राक्ष आणि थोडा कांदा. राग मानू नका, पण आमच्या बाजूनेही कोणी लिहायला हवं.

पाटाचा रस्ता पाटबंधारे खात्याचा. आमचे ट्रॅक्टर जातात, तुमची सायकल गेली तर कोणी अडवत नाही. पाटकरी (पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारा) भेटला तर रामराम घाला, तोच सांगेल पुढे मोरी फुटलीय की नाही. पण काही गोष्टी पाळा. सध्या बागेत मणी धरायचा काळ, त्यात अवकाळीने डाऊनी रोगाची भीती, त्यामुळे पहाटेपासून फवारणीचे ब्लोअर चालू असतात. ब्लोअरचा आवाज आला आणि ओळींतून पांढरा धूर दिसला की वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा. तो धूर म्हणजे औषध आहे, धुकं नाही. मागच्या रविवारी एक जण त्यात उभा राहून फोटो काढत होता. मी ट्रॅक्टर बंद करून त्याला बाहेर काढला, तर म्हणतो काय छान वातावरण आहे!

वाटेवर काळ्या नळ्या आडव्या दिसल्या तर त्या ठिबकच्या. सायकल उचलून पलीकडे ठेवा. एक नळी फुटली की तेवढी ओळ कोरडी, आणि आम्हाला कळतं दोन दिवसांनी. घोळक्याने आलात तर मांडवाखाली सावलीला शिरू नका. माल निर्यातीचा असतो, बागेत कोण आलं-गेलं याची नोंद ठेवावी लागते. पाणी मागा, चहा मागा, वस्तीवर कोणी नाही म्हणणार नाही. विचारल्याशिवाय घड मात्र तोडू नका. डिसेंबरात तो आंबट असतो, तोंड वाकडं होईल, ती शिक्षा वेगळी.

आणि चांदोरीला नुसते चिखलात लोळून परत गेलात? आमच्याकडे पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे, त्यांचं हे गाव. आणि खरी गंमत उन्हाळ्यात. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा चांदोरी-सायखेड्यापर्यंत येतो. पाणी फार खाली गेलं की गंगेच्या पात्रातली जुनी देवळं उघडी पडतात. दगडी खांब, पिंडी, सगळ्यावर वाळलेल्या गाळाचा राखाडी थर. लहानपणी आम्ही त्या खांबांवर बोटाने नावं लिहायचो. गाळावर बरं का, दगडावर नाही.

दारणाकाठ | सोमवार, रात्री ८.५०

दारणेच्या खोऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी नाशिकरोडला राहते, बहुतेक वेळा एकटीच जाते, तेही शनिवार-रविवार टाळून.

माझी आवडती फेरी: भगूर, तिथून नानेगाव, शेवगेदारणा, पळसे, आणि चेहेडीच्या पुलावरून घरी. पस्तीस-चाळीस किलोमीटर. भगूर म्हटलं की सगळ्यांना सावरकरांचं घर आठवतं, ते आहेच, पण मला गावाबाहेरची नदी जास्त आवडते. दारणा धरण १९१६ चं, इंग्रजांनी खालच्या सिंचनासाठी बांधलेलं. तिथून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत नांदूरमध्यमेश्वरला जातं आणि तिथून कालव्यांनी पुढे कोपरगावकडे. त्यामुळे आवर्तन (धरणातून पाणी सोडायची पाळी) चालू असलं की ही नदी भर उन्हाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते आणि आवर्तन संपलं की चार दिवसांत दगड दिसतात. मार्चमध्ये जिथून सायकल उचलून पलीकडे गेले होते तिथेच एप्रिलमध्ये कमरेएवढं पाणी होतं. फरशी पुलावर पाणी असेल तर माघारी फिरा. घोटाभर दिसलं तरी ओढ असते, आणि शेवाळावर चाक टिकत नाही.

दुसरं, बिबट्या. हसू नका. दारणेच्या दोन्ही काठांना ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत, माणसांवर हल्ले झालेले आहेत. सूर्य चांगला वर आल्याशिवाय मी उसातल्या वाटेला जात नाही, आणि संध्याकाळी पाचनंतर डांबरावर असते. पंक्चर काढायलासुद्धा उसाच्या कडेला वाकून बसत नाही, सायकल मोकळ्यावर नेते.

तिसरं, बायकांसाठी. वाटेत स्वच्छतागृह ही खरी अडचण, बाकी भीती फारशी नाही. कांदालागवडीच्या बायका वाफ्यात ओळीने वाकलेल्या असतात, सायकल थांबली की सगळी ओळ सरळ होते. "कुठल्या तुम्ही? एकट्याच? आणि घरचे काही बोलत नाहीत?" या तीन प्रश्नांची उत्तरं दिली की घरात यायचं आमंत्रण मिळतं. एका आजींनी माझं हेल्मेट घालून बघितलं आणि म्हणाल्या, टोपल्याखाली घालायला चुंबळीपेक्षा बरं आहे.

खाली दारणासांगवीला दारणा गंगेला मिळते. तिथपर्यंत मी एकदाच गेलेय. पुन्हा जायचंय.

पुणेरी_पेडल | सोमवार, रात्री ९.१०

इटलीत टस्कनीमध्ये १९९७ पासून लेरोइका नावाची जुन्या सायकलींची फेरी होते. तिथले पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हाच तिच्यामागचा हेतू. सायकल १९८७ किंवा त्याआधीची लागते.

जुनीघंटी | मंगळवार, पहाटे ५.४५

मग माझी चालेल.

पुणेरी_पेडल | मंगळवार, सकाळी ९.०५

काका, रेसिंगची लागते. दुधाची नाही.

जुनीघंटी | मंगळवार, सकाळी ९.२०

दूध नासायच्या आत नाशिकरोड गाठायचं म्हणजे रेसिंग नाही तर काय?

खेरवाडी_लोकल | मंगळवार, सकाळी ११.३०

रस्ते डांबराखाली जाण्याचा मुद्दा आपल्याकडे सोपा नाही. शेतातला ऊस पावसात बाहेर निघत नाही, आजारी माणसाला बाजेवर घालून आणावं लागतं, आणि आपण म्हणायचं मातीची वाट राहू द्या? ज्याला त्या वाटेवरून रोज जायचंय तो डांबर मागणारच, आणि त्याचं बरोबर आहे. पाटाचा भराव काही डांबरी होत नाही, आपल्याला तेवढा पुरे.

नांदूरमध्यमेश्वरबद्दल. गंगा आणि कादवा यांच्या संगमावरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्याच्या फुगवट्यात साठलेला गाळ, गाळात पाणवनस्पती आणि त्यावर पक्षी. २०२० मध्ये रामसर या जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. आत्ता डिसेंबरात जाणं सर्वांत योग्य. जांभळ्या पाणकोंबड्या तर काठावर गावठी कोंबड्यांसारख्या फिरतात. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत. अभयारण्याच्या आत सायकल दामटायची नाही, फाटकाशी लावा आणि चालत जा. फ्रीव्हीलची किरकिर बदकांना आवडत नाही. मध्यमेश्वराच्या देवळापाशी सावली आणि पाणी दोन्ही मिळतं.

ज्यांना दगडी काम बघायचंय त्यांनी उलट्या बाजूने, सायखेड्याहून नायगाव खोऱ्यातून सिन्नरला चढावं. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी. गोंदेश्वराचं पंचायतन, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य, सगळं एका जोत्यावर. दुपारी जाऊ नका, जोत्याचा दगड अनवाणी पायाला भाजतो. चारनंतर ऊन तिरपं झालं की शिखरावरच्या लहान लहान शिखरांच्या रांगांना सावल्या पडतात, तेव्हा ते कळतं. सायकल बाहेर लावताना मात्र गाठोड्यासारखी साखळीने बांधा.

नुसताचवाचक | मंगळवार, दुपारी १२.१०

वाचून वाचून माझीपण घ्यायची इच्छा झाली. सेकंडहँड काळी सायकल कितीला मिळेल?

गोडीछाटणी | मंगळवार, दुपारी २.००

आमच्या कांदाचाळीत एक पडून आहे. कोंबड्या तिच्यावर बसतात. कोंबड्यांना विचारून सांगतो.

मुरूमकर | मंगळवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. आज सीलंट भरलं, हवा ३५ आणि ३८ केली. घराजवळच्या खडीच्या रस्त्यावर फेरी मारली आणि वर्षभर काय चालवत होतो याची लाज वाटली. मागच्या फोर्कमध्ये कोपऱ्यात अजून चांदोरीची माती आहे, विटेसारखी झालीय. स्क्रू ड्रायव्हरने निघेना.

येत्या रविवारी दारणासांगवीचा संगम करायचा विचार आहे. चेहेडी पुलावरून काठाकाठाने खाली संगमापर्यंत, मग सायखेडा, आणि पाय उरले तर नांदूर. हवामान खातं पाऊस नाही म्हणतंय. कोण येतंय? सकाळी सहाला चेहेडी पूल?

दारणाकाठ | मंगळवार, रात्री ९.२२

मी येते. पण सहाला नाही. वर काय लिहिलंय ते वाचलं नाहीत का?

मुरूमकर | मंगळवार, रात्री ९.२४

बरोबर. बिबट्या. आठ.

जुनीघंटी | बुधवार, पहाटे ५.४०

आठला मी पुलावर असेन. किटल्या आणत नाही. टायरच्या दोन पट्ट्या कापून आणतो, ज्याला हव्यात त्याने घ्याव्या.